हळकुंडावर प्रोजेक्ट घेताय? आधी हे वाचा

जुलै उजाडला की एम.फार्म.ची (औषधनिर्माणशास्त्राची) पोरं माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहतात. "मॅडम, हळदीवर काम करायचंय." हळदीत नक्की काय बघायचंय असं विचारलं की यादी सुरू होते: अँटिऑक्सिडंट, अँटिइन्फ्लमेटरी, अँटिडायबेटिक, अँटिकॅन्सर. मग मी विचारते, "तुमच्या घरी कपडे कोण धुतं?"

पोरं एकमेकांकडे बघतात. पण ज्या बाईने हळदीचा डाग पडलेला पांढरा सदरा धुतलाय तिला तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. नुसत्या पाण्याने डाग हलत नाही. साबण लावला की पिवळा डाग एकदम लाल होतो. आणि धुऊनही जो उरतो तो उन्हात वाळत घातला की उडून जातो. आता हेच आपल्या भाषेत: हळदीतलं पिवळं द्रव्य, करक्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कलीत त्याचं रूप बदलतं, आणि उजेडात ते मोडतं. हळदीवरच्या प्रोजेक्टमध्ये मी ज्या चुका पाहिल्या आणि स्वतः केल्या, त्यातल्या बहुतेक या तीन गोष्टी विसरल्यामुळे झालेल्या आहेत. त्या तीन गोष्टी धरून एक प्रोजेक्ट कसा उभा करायचा ते इथे सांगते. हळदीच्या जागी अश्वगंधा घेतलीत किंवा गुळवेल घेतलीत तरी विचार करायची रीत हीच.

माझं माहेर सांगलीकडचं. हळद शिजवायची काहिल, उन्हात पसरलेली हळकुंडं, हरिपूरची जमिनीतली पेवं, हे सगळं बघत वाढले. त्यामुळे हळदीबद्दल वाईट बोलायला मला मजा येते असं समजू नका.

प्रश्न एकच घ्या

चार गुणधर्म चार प्रकरणांत दाखवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. वर्षभराच्या कामात एक प्रश्न नीट सुटला तरी पुष्कळ. तो असा लिहा की त्याचं उत्तर "नाही" असंही येऊ शकेल. उदाहरणार्थ: अमुक शेतातल्या सेलम जातीच्या हळदीतून काढलेलं शुद्ध करक्युमिन सायक्लोऑक्सिजनेज-२ हे सूज आणणारं एन्झाइम अडवतं का, आणि अडवत असेल तर तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात पोचते का? यातला दुसरा अर्धा भाग कोणी लिहीत नाही. खरं औषधशास्त्र तिथेच सुरू होतं.

पूड घेऊ नका

माझ्या एका विद्यार्थिनीने घाईत बाजारातून पूड आणली. अर्क काढला, रंग बघून दोघी खूश. टीएलसी प्लेटवर (सिलिकाचा पातळ थर, त्यावर द्रव्यं वेगळी होत वर चढतात) तीन पिवळे ठिपके अपेक्षित होते, ते वर चढले. पण चौथा एक खाली, जिथे थेंब ठेवला तिथेच घट्ट बसून राहिला. तो मेटानिल यलो निघाला, कापड रंगवायचा रंग. त्याच्या रेणूवर सल्फोनेट असतं, त्यामुळे तो सिलिकाला चिकटतो आणि वर सरकतच नाही.

परीक्षानळीतली तपासणीही फसवू शकते, म्हणून सांगते. पुडीच्या अल्कोहोलमधल्या अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की लाल-गुलाबी रंग येतो, पण तो करक्युमिनमुळेही येतो. फरक पुढे कळतो. भरपूर पाणी घाला. करक्युमिनचा लालपणा जातो, मेटानिल यलोचा गुलाबी टिकून राहतो.

तेव्हा हळकुंडच घ्या, आणि शेतकऱ्याकडून घ्या. जात विचारा: सेलम, राजापुरी, कृष्णा, फुले स्वरूपा. माहिती नीट मिळत नसेल तर सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन बोला. माल जेठ्या गड्ड्यांचा की हळकुंडांचा, शिजवून वाळवलेला की कच्चा काप करून वाळवलेला, काढणी कोणत्या महिन्यातली, हे सगळं वहीत उतरवा. वाळलेल्या हळदीत करक्युमिनॉइड (करक्युमिन आणि त्याची भावंडं) साधारण २ ते ५ टक्के असतात. म्हणजे नुसत्या माल निवडण्यात दुपटीहून जास्त फरक पडतो.

एक गोष्ट हमखास राहते. शिजवून वाळवलेल्या हळकुंडाचं वनस्पतिशास्त्रीय ओळखपत्र निघत नाही. त्याच शेतकऱ्याच्या त्याच बेण्यावर वाढलेलं पीक पावसाळ्यात उभं असतं. फुलोरा दिसला की पानं, कंद, फुलं असं सगळं झाड उपटून, कागदात दाबून नमुना करा आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पटवून घ्या. नमुना क्रमांक थिसिसमध्ये गेला पाहिजे. जंगलातल्या झाडावर काम असेल तर वनखात्याची परवानगी आणि जैवविविधता कायद्याचं काम आधी उरका.

अर्क

हळकुंडावर पॉलिश करताना वरून रंग चढवलेला असू शकतो, म्हणून आधी ब्रशने घासून धुवा आणि पुसून कोरडी करा. लोखंडी खलात फोडा. थेट मिक्सरला लावाल तर भांडं जाईल. मग दळून ४० नंबरच्या चाळणीतून चाळा आणि ४० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. इथून पुढे सगळी भांडी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायची. आमचे प्रयोगशाळेचे मामा म्हणतात, "मॅडमच्या लॅबमध्ये सगळं चपातीसारखं गुंडाळलेलं असतं." म्हणू देत.

१०० ग्रॅम पूड सॉक्सलेटमध्ये (तेच द्रावक फिरवून फिरवून अर्क काढायचं उपकरण) घ्या. आधी हेक्झेन, पाच-सहा तास. यात हळदीचं तेल निघून येतं. हळदीचा वास म्हणतो तो त्यातल्या टर्मेरोन वर्गाच्या द्रव्यांचा. हे तेल फेकू नका. लेबल लावून फ्रीजमध्ये ठेवा, पुढे लागणार आहे. पूड फ्यूम हूडमध्ये पसरून हेक्झेन उडवा आणि तीच पूड परत सॉक्सलेटमध्ये घालून ॲसिटोनने काढा. सायफनमधून उतरणारं ॲसिटोन गडद केशरीवरून फिकट पिवळं झालं की थांबा. ते पाण्यासारखं स्वच्छ होण्याची वाट बघत बसू नका; करक्युमिनचा एवढासा अंशही पिवळा दिसतो, तुम्ही रात्रभर बसाल आणि हातात काही वाढीव पडणार नाही. मँटल (खालची शेगडी) चालू ठेवून जेवायला जाऊ नका. कंडेन्सरचं पाणी कधी बंद पडेल सांगता येत नाही.

रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवायचं यंत्र) ४०-४५ अंशांत ॲसिटोन काढलं की मधासारखं घट्ट, लालसर ओलिओरेझिन उरतं. ढवळत ढवळत त्यात थंड हेक्झेन सोडा. केशरी गाळ खाली बसतो, राहिलेलं तेल वर जातं. गाळ गाळून घ्या, गरम आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी सुयांसारखे केशरी स्फटिक दिसतात. पंचवीस वर्षं झाली, अजूनही ते बघायला मी लवकर येते. १०० ग्रॅममागे दीड-दोन ग्रॅम हातात पडलं तर काम चांगलं झालं समजा.

हातात नक्की काय आहे

हे स्फटिक म्हणजे करक्युमिन, असं लिहून मोकळे होऊ नका. टीएलसी लावा, क्लोरोफॉर्म ९५, मेथॅनॉल ५. रंग फवारायची गरज नाही, ठिपके डोळ्यांना दिसतात. सगळ्यात वर करक्युमिन, मग त्याची दोन भावंडं: मध्ये डीमेथॉक्सी, खाली बिसडीमेथॉक्सी. बाटलीत "करक्युमिन" म्हणून विकत मिळतं तेही बहुधा या तिघांचं मिश्रणच असतं, साधारण ७७, १७ आणि ३ टक्के. दुकानातल्या डबीवर "९५ टक्के" छापलेलं असतं ते तिघांच्या बेरजेबद्दल.

तिघं वेगळी करायला सिलिकाचा कॉलम लावा. आधी नुसतं डायक्लोरोमिथेन, मग मेथॅनॉल चढवत न्या. पहिला पट्टा करक्युमिनचा. मास स्पेक्ट्रममध्ये तिघांची वजनं ३६८, ३३८, ३०८; एकेक मेथॉक्सी गळला की ३० कमी, हे तोंडपाठ हवं. एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणारी तपासणी) डीएमएसओ या द्रावकात काढलात तर ३.८४च्या आसपास सहा प्रोटॉनचा मेथॉक्सीचा एकच ठसठशीत शिखर, ७.५ आणि ६.७ला १६ हर्ट्झचे दुहेरी (म्हणजे दुहेरी बंध ट्रान्स आहेत), आणि ६.०६ला एकाच प्रोटॉनचा एक शिखर. हा शेवटचा महत्त्वाचा. पुस्तकात करक्युमिन दोन कीटोनांचं काढतात. द्रावणात ते मुख्यतः ईनॉल रूपात (एका कीटोनाचं ओएच झालेलं) असतं, आणि तो एकटा प्रोटॉन त्याची साक्ष. व्हायव्हात परीक्षक इथे थांबतात. वितळणबिंदू १८३ अंशांच्या जवळ यायला हवा. एचपीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) शुद्धता ४२५ नॅनोमीटरला बघाल तेव्हा २५४लाही बघा. पिवळं नसलेलं काहीही ४२५ला अदृश्य असतं, आणि तुम्ही "९९ टक्के शुद्ध" म्हणून खुशाल पुढे जाता.

टिकतं किती वेळ

आता साबणाचा डाग.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी सकाळी दहाला फॉस्फेट बफरमध्ये करक्युमिनचं द्रावण करायची आणि संध्याकाळपर्यंत तेच वापरायची. सकाळचं रीडिंग एक, दुपारचं दुसरं. गाइडना वाटलं माझा हात कच्चा आहे. मलाही तसंच वाटलं. पिपेट बदलल्या, कॅलिब्रेट केल्या, तीन महिने गेले. शेवटी एका रविवारी काही सुचेना म्हणून ते द्रावण नुसतंच स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत बसले. आकडा उतरत होता. पिपेटमध्ये दोष नव्हता. माझं औषधच बाटलीतल्या बाटलीत संपत होतं.

हे मला आधी वाचून कळायला हवं होतं. १९९७ सालीच छापून आलेलं आहे: ३७ अंशांवर, ७.२च्या आसपासच्या पीएचला, सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसलेल्या बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के करक्युमिन मोडतं. दहा टक्के सीरम असलेल्या माध्यमात मात्र आठ तासांनीही निम्मं शिल्लक असतं, कारण प्रथिनं त्याला धरून ठेवतात. आता विचार करा, तुम्ही पेशींना ४८ तास औषध देता आणि "करक्युमिनचा परिणाम" लिहिता. दुसऱ्या दिवशी प्लेटच्या त्या खाचेत करक्युमिन नसतंच. असतात ते व्हॅनिलिन, फेरुलिक आम्ल, आणि ऑक्सिजन घेऊन वेटोळं घातलेले रेणू.

म्हणून कोणत्याही जैविक चाचणीआधी हा एक दिवसाचा प्रयोग कराच. तुमचं शुद्ध द्रव्य, तुमचं नेमकं माध्यम, ३७ अंश, अंधार. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं आणि मग ४, ८, २४ तास. प्रत्येक वेळी एचपीएलसीवर किती उरलं ते बघा. हाच प्रयोग पीएच ६ला करून शेजारी ठेवा. साठ्याचं द्रावण नेहमी डीएमएसओमध्ये करा, लहान कुप्यांत वाटून उणे २० अंशांत ठेवा. एक कुपी एकदाच उघडायची. बफरमध्ये घालणं हे चाचणी सुरू करण्याआधीचं शेवटचं पाऊल.

पीएचने औषधाचं रूप पालटतं ही फक्त हळदीची कथा नाही. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर काम करत होते. त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं, १९६६ साली रचना जाहीर केली; १९७१मध्ये यू वृक्षातल्या टॅक्सॉलची. कॅम्प्टोथेसिनही पाण्यात विरघळेना. मग रुग्णांवरच्या पहिल्या चाचण्यांत ते सोडियम क्षार करून दिलं. विरघळलं खरं, पण क्षार करताना रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडलं, आणि नेमक्या त्या कड्यातच त्याची ताकद होती. गुण थोडा, मूत्राशयाला त्रास फार, चाचण्या थांबल्या. ते टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला अडवतं हे १९८५मध्ये कळलं, आणि त्याच सांगाड्यावरची टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधं १९९६मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाच्या झाडामध्ये आहे. त्यासाठी चोरटी तोड होते. तेव्हा "नरक्या आणून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर लांब राहा.

वाणी-वॉल यांची रीतही लक्षात ठेवा. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमियाच्या उंदरांवर तपासायचा, ज्यात गुण दिसेल तोच भाग पुढे फोडायचा. झाडात काय आहे याची यादी करण्यापेक्षा गुण कशात आहे त्याचा माग काढायचा.

चाचणी, आणि चाचणीची चाचणी

डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट चाचणी एका दुपारी होते म्हणून सगळे करतात. करा, पण ती रसायनाची चाचणी आहे हे समजून करा. जांभळं डीपीपीएच पिवळं पडलं म्हणजे तुमच्या द्रव्याने एका बाटलीतल्या मूलकाला हायड्रोजन दिला, एवढंच. तो मूलक कोणाच्याही शरीरात नसतो. शिवाय रीडिंग ५१७ नॅनोमीटरला. रंगीत अर्काचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो. डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचं रीडिंग प्रत्येक मात्रेला घेऊन वजा करा.

एमटीटी या पेशी जिवंत आहेत का बघायच्या चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्माझान करतात. पण अनेक वनस्पतिज फिनॉल पेशींशिवायही ते करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. पेशी नसलेली एक रांग प्लेटवर ठेवा. तिथे जांभळं झालं की दुसरी पद्धत शोधा. चमकणाऱ्या रंगांवर चालणाऱ्या चाचण्यांत आणखी सांभाळा. करक्युमिन स्वतः हिरवट चमकतं, फ्लुओरेसिनच्या अगदी शेजारी. पेशीत हिरवं दिसलं ते तुमच्या प्रोबचं (घातलेल्या चमकत्या रंगाचं) की हळदीचं, हे प्रोब न घातलेल्या पेशी बघितल्याशिवाय कळत नाही.

एन्झाइमच्या चाचणीत दोन भुतं असतात. पहिलं, गोळे. न विरघळणारं द्रव्य पाण्यात सूक्ष्म गोळे करतं आणि एन्झाइम त्या गोळ्यांवर चिकटून निकामी होतं. आकडा छान येतो, अर्थ शून्य. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा साबणासारखा पदार्थ घालून चाचणी परत करा, गोळे फुटतात. अडवणूक गायब झाली तर ती औषधाची नव्हतीच. दुसरं भूत म्हणजे चिकटपणा. करक्युमिनच्या मधल्या साखळीवर कोणताही थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट येऊन जोडला जाऊ शकतो, आणि प्रथिनांवर सिस्टीनचे थायॉल भरपूर. त्यामुळे ते डझनभर एन्झाइमं "अडवतं". ग्लुटाथायॉन (स्वतः थायॉल असलेला रेणू) घालून आणि न घालता, अशा दोन रांगा लावा. लोहासारखे धातू पकडून ठेवायची सवय आहे ती वेगळीच.

अशा सगळीकडे "हो" म्हणणाऱ्या रेणूंसाठी २०१०मध्ये बेल आणि हॉलोवे यांनी गाळण्या तयार केल्या, त्यांना 'पेन्स' म्हणतात. २०१७च्या जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीतला कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांचा करक्युमिनवरचा आढावा तर प्रोजेक्ट घेण्याआधी वाचाच. अस्थिर, कुठेही चिकटणारं, रक्तात न पोचणारं, म्हणून औषधाचा पाया व्हायला अगदीच अशक्यप्राय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वाचून मला दोन दिवस राग होता. मग माझ्या जुन्या वह्या काढल्या आणि त्यांचे मुद्दे एकेक करून माझ्याच आकड्यांत सापडले.

डीएमएसओ ०.५ टक्क्यापेक्षा कमी, जमलं तर ०.१. नुसत्या डीएमएसओची रांग. ओळखीच्या औषधाची रांग; सायक्लोऑक्सिजनेज-२ला सेलेकॉक्सिब. सगळ्या रांगा वेगवेगळ्या दिवशी परत. यावर जास्त बोलत नाही, हे न करणाऱ्याचा थिसिस मी सहीला घेत नाही.

ते फ्रीजमधलं तेल आठवतंय? एक साधा हिशेब शिकवते. समजा पूर्ण अर्काचा आयसी५० (एन्झाइम निम्मं अडवणारी मात्रा) आला ५० मायक्रोग्रॅम प्रतिमिली, आणि त्या अर्कात करक्युमिन आहे ३० टक्के. सगळा गुण करक्युमिनचाच असेल तर शुद्ध करक्युमिनचा आयसी५० १५च्या आसपास यायला हवा. तो ६० आला तर गुण दुसऱ्या कशात तरी आहे, किंवा दोघांच्या जोडीत आहे. मग तेल तपासा, तेल आणि करक्युमिन मूळ प्रमाणात परत एकत्र करून तपासा. शुद्ध केल्यावर गुण गेला की पोरं रडवेली होऊन येतात. अहो, तेच तर सापडलंय! पोरांनी टाकून द्यायला काढलेल्या भागानेच मला आजवर जास्त शिकवलंय.

तेवढं पोटात जातं का

सगळे आकडे मोलरमध्ये (म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या मोजणीत) करा. १० मायक्रोग्रॅम प्रतिमिली करक्युमिन म्हणजे २७ मायक्रोमोलर. मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं की आकडा लहान आणि गोंडस दिसतो.

आता दुसऱ्या बाजूला रक्त. तैवानमध्ये रुग्णांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन तोंडाने दिलं तेव्हा रक्तातली सर्वांत वरची पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर होती. तुमचा आयसी५० २७ असेल तर १५ पट कमी. आणि ८ ग्रॅम करक्युमिन म्हणजे किती हळद? ३ टक्क्यांची धरली तर पाव किलोहून जास्त, रोज. आमटीत आपण चिमूटभर घालतो. कुठे जातं ते सगळं? बरंचसं शोषलंच जात नाही. जे जातं त्याला आतडं आणि यकृत ग्लुकुरोनिक आम्ल नाहीतर सल्फेट जोडून बाहेरचा रस्ता दाखवतात.

उंदरांच्या मात्रेचंही तसंच. रॅटला (मोठ्या उंदराला) २०० मिलिग्रॅम प्रतिकिलो दिलं, पंजाची सूज उतरली, आणि थिसिसमध्ये "हळद सुजेवर उपयुक्त" असं वाक्य आलं. रॅटची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब असतो: ६ने गुणा, ३७ने भागा. २०० चे झाले ३२, साठ किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम शुद्ध करक्युमिन. हे गणित प्राण्यांच्या आचारसमितीकडे अर्ज करण्याच्या आधी करा. जी मात्रा माणसाला कधी मिळणारच नाही ती शोधायला प्राणी मारायचे कशाला?

"पण मॅडम, मिरी घातली की वीसपट होतं!" हे हमखास येतं, आणि खोटं नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधलं १९९८चं काम आहे; २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर माणसांत उपलब्धता २००० टक्के वाढली. फक्त एक लक्षात घ्या, नुसत्या करक्युमिनची पातळी त्यात मोजता येईल न येईल इतकी कमी होती. जवळजवळ शून्याची वीसपट. आणि पायपरीन करक्युमिनपुरतं काम करत नाही. यकृताची तीच यंत्रणा ते इतर औषधांसाठीही मंदावतं. फिट्सवरच्या फेनिटोइनची रक्तातली पातळी त्याने वाढते. माझ्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना शेजारणीने हळद-मिरीच्या कॅप्सूल आणून दिल्या, तेव्हा मी आधी डॉक्टरांना फोन लावला. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत आणि इटलीत हळदीच्या अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या हळदीशी त्याचा संबंध नाही. पण "नैसर्गिक आहे, अपाय नाही" हे वाक्य प्रस्तावनेत दिसलं की मी लाल पेनने कापते.

मग हळदीवर काम करायचंच नाही का? करा. लॅक्टोनच्या कड्यासारखी एखादी गोष्ट समजून घेऊन रेणू बदला. मधली चिकट साखळी बदलून टिकाऊपणा वाढतो का बघा, आणि वाढला तर गुण राहतो का बघा. आतड्याच्या आतल्या आवरणावरच काम करणारं काही शोधा, तिथे रक्तात पोचायची अट नसते. टर्मेरोनांकडे बघा, त्यांच्याकडे गर्दी कमी आहे. किंवा सरळ पाच गावांची हळद घेऊन शिजवण्याच्या वेळेने करक्युमिन किती कमी-जास्त होतं ते मोजा. शेतकरी दारात बसवून चहा पाजतील आणि आकडे मागून घेतील.

काम संपल्यावर उरलेले स्फटिक तपकिरी कुपीत भरा, वर फॉइल, उणे २० अंश. लेबलवर फक्त "करक्युमिन" लिहू नका: तारीख, वहीचं पान, शुद्धता, नमुना क्रमांक, शेतकऱ्याचं गाव आणि जात. पुढच्या जुलैत जो येईल त्याला ती कुपी काढून देते, आणि पहिलं काम सांगते: टीएलसी लाव, अजून किती ठिपके आहेत ते मोज.